होमस्टेच्या खोल्या बांधण्याआधी गावाचं वर्ष कागदावर मांडा

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाडा बेचाळीस घरांचा. गेल्या दोन पावसाळ्यांत जवळच्या धबधब्याच्या रील फिरल्या आणि शनिवार-रविवारी दोन-दोनशे गाड्या यायला लागल्या. गावाच्या वाट्याला कचरा आणि भांडणं आली, पैसे दिसले ते रस्त्यावरच्या दोन टपऱ्यांना. आता शहरातला एक माणूस धबधब्याकडची चार एकर जमीन तीस वर्षांसाठी भाड्यानं मागतोय. गावातली दहा-बारा मुलं म्हणतात, त्यापेक्षा आपणच होमस्टे काढू. अनुदान कुठे मिळेल, खोल्या किती बांधाव्यात आणि माणशी दर काय ठेवावा, हे त्यांना विचारायचं आहे.

मी गेली सतरा वर्षं त्र्यंबक, पेठ आणि इगतपुरी या तीन तालुक्यांतल्या वाड्या-पाड्यांबरोबर हेच काम करते. काही ठिकाणी ते उभं राहिलं, काही ठिकाणी दुसऱ्याच वर्षी मोडलं. मोडलेल्या ठिकाणांकडे आज बघताना लक्षात येतं की खोल्या, अनुदान आणि दर या तिन्ही गोष्टी तिथे अगदी व्यवस्थित होत्या. म्हणून तुमच्या तीन प्रश्नांकडे मी जरा उशिरा येणार आहे. आधी तुमच्या प्रश्नातली खरी अडचण बघू.

तुमच्याकडे गर्दी कधी होते? जुलै-ऑगस्टमध्ये. आणि तेव्हा गाव काय करत असतं? आवणी, म्हणजे भाताची लावणी. सगळं घर गुडघाभर चिखलात असतं. रोपं वेळेवर लागली नाहीत तर वर्षाचा भात गेला. त्या दिवसांत घरातली बाई पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापत बसली, तर तिच्या जागी शेतात दुसरी मजूर लावावी लागते आणि त्या दिवसांत मजूर मिळत नाही. मग भातकापणी होते, खळी उरकतात आणि निम्मं गाव दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला निघून जातं. काही कुटुंबं तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीलाच जातात, ती होळीपर्यंत परत येत नाहीत. म्हणजे पाहुणा आपणहून येतो तेव्हा गावाला सवड नसते, आणि गावाला रोख पैशांची गरज असते तेव्हा पाहुणा नसतो. ग्रामीण पर्यटनाची आपल्या भागातली मूळ गाठ ही आहे. ती न सोडवता खोल्या बांधल्या तर त्या खोल्या पावसाळ्यातल्या गर्दीच्याच नोकर होतात.

हे मी अनुभवातून सांगते. सुरुवातीच्या एका गावात आम्ही फार उत्साहानं एका शहरी सहल कंपनीला हो म्हटलं. जुलैतल्या एका शनिवारी तिनं दोन बस भरून नव्वद माणसं आणली. बायका दोन दिवस चुलीसमोरून उठल्या नाहीत. ज्या सहा घरांनी स्वयंपाक केला, त्यांची आवणी आठवडाभर मागे पडली. पुढे पावसानं उघडीप दिली आणि रोपं पिवळी पडली. कंपनीचे पैसे चार महिन्यांनी आले, तेही काटछाट होऊन. त्या घरातल्या एका आजींनी मला विचारलं, “ताई, तुझ्या पाहुण्यांनी जेवढं दिलं, तेवढ्याचा भात तरी आला असता का गं?” आम्ही बसून हिशोब केला. भाताचं नुकसान जास्त निघालं. त्या दिवसापासून मी कुठल्याही गावात गेले की पहिल्या बैठकीत जमिनीवर कोळशानं बारा चौकोन काढते. एकेका महिन्यात कोण कुठे असतं, पाणी किती असतं, घरात धान्य किती असतं, कोणता सण असतो, हे बायका-पुरुष वेगवेगळे बसून भरतात. पाहुण्यांना जागा कुठे आहे, ते त्या चौकोनांतून आपोआप दिसतं.

तुमच्या भागाचे चौकोन मी अंदाजानं भरून दाखवते, तुम्ही दुरुस्त करा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर: खुरासणी (कारळा) फुललेली असते, डोंगरउतार पिवळेधमक असतात, पाऊस सरत आलेला असतो. धबधब्याच्या गर्दीला हे दिवस ठाऊकच नाहीत. नोव्हेंबर: भात आणि नागलीची (नाचणीची) कापणी, खळ्यावरची झोडणी. शहरातल्या मुलांना तांदूळ कुठून येतो हे दाखवायला याहून चांगला महिना नाही, आणि खळ्यावर पाहुणा कामात अडथळा आणत नाही, हात लावतो. डिसेंबर ते फेब्रुवारी: थंडी, स्वच्छ आभाळ, शेकोटी. याच काळात नाशिकला येणारा प्रवासी आधीपासून आहे. गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनऱ्यांमुळे जानेवारी-फेब्रुवारीत मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवार इथे काढतात. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवेच्या संगमावर स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं ते पहिलं ठिकाण. या माणसांना दुसरा दिवस कुठे काढायचा हे माहीत नसतं. तुमचा पाडा हा त्यांचा दुसरा दिवस होऊ शकतो. मार्चनंतर मात्र हात आखडता घ्या. एप्रिल-मेमध्ये तुमच्या विहिरीला किती पाणी असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पावसाळ्यात धो धो कोसळून उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे आपले पाडे. बाई दोन हंड्यांसाठी दीड किलोमीटर चालत असेल, तर त्या महिन्यात पाहुण्यानं अंघोळ करणं मला पटत नाही. आमच्या सगळ्या गावांत एप्रिल आणि मे बंद असतात, आणि यावर मी तडजोड करत नाही.

आता पैशांकडे येऊ. दर ठरवण्याची गोष्ट मी चुलीजवळ बसूनच करते, कारण बैठकीत पुरुष जो आकडा सांगतात त्यात बाईचे कष्ट नसतात. एकदा एका वहिनींबरोबर एका ताटाचा हिशोब मांडत होते. नागलीची भाकरी, कुळथाचं पिठलं, खुरासणीची चटणी, भात, कांदा. त्या म्हणाल्या, तेल आणि मीठ-मिरचीचे वीस रुपये लिही, बाकी घरचंच आहे. मी विचारलं, नागली बाजारात विकली असती तर? त्यांनी हातातली भाकरी परातीत ठेवली आणि थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग एकेक करून निघालं: नागली, तांदूळ, कुळीथ, जळणाची मोळी आणायला गेलेली सकाळ, दळणाचे पैसे, पाण्याच्या खेपा. वीस रुपयांचं ताट ऐंशीच्या पुढे गेलं, आणि त्यात थापण्या-भाजण्याची मजुरी अजून धरलेली नव्हती. “घरचंच आहे” या दोन शब्दांत गावाचा तोटा लपलेला असतो. तुमच्या पाड्यावर हा हिशोब प्रत्येक घरातल्या बाईनं स्वतः करायला हवा, बचत गटाच्या वहीत तिच्या समोर लिहून.

आमच्या एका पाड्यावर सध्या एका मुक्कामाचे माणशी १,२०० रुपये घेतात. त्यात दोन जेवणं, नाश्ता, चहा, झोपायची सोय आणि गावफेरी येते. वाटणी अशी: स्वयंपाक आणि मुक्कामाचं घर ७००, वाटाड्या १५०, फोन-बुकिंग सांभाळणारा मुलगा १००, अंथरूण-साबण-दुरुस्ती १००, गावनिधी १५०. ही वाटणी ग्रामसभेत ठरली आणि समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवून लिहिली आहे. पाहुणाही ती वाचतो. तुमचे आकडे वेगळे येतील, यावे. पण भिंतीवर लिहिणं टाळू नका.

आता या आकड्यांवर भाबडेपणानं विसंबू नका म्हणून पुढचंही सांगते. समजा सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी या काळात तुमच्याकडे बारा शनिवार-रविवार पाहुणे आले, दर वेळी आठ. म्हणजे ९६ माणसं. घरांच्या वाट्याला ६७,२०० रुपये. दहा घरांत पाळी फिरली तर घरटी ६,७२०, त्यातून शिध्याचा खर्च वजा. गावनिधीत १४,४००. एवढ्यानं कुणाचं द्राक्षबागेला जाणं थांबणार नाही. “पर्यटनानं स्थलांतर थांबवू” असं जो कुणी तुम्हाला सांगेल, त्याला हा गुणाकार दाखवा. जे होतं ते वेगळं आहे आणि माझ्या मते मोलाचं आहे. एखादी बाई दोन हप्ते उशिरा जाते, मुलाची शाळा तेवढी कमी बुडते. म्हाताऱ्या माणसांच्या हाताला घरबसल्या काम मिळतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पाहुणा जाताना तांदूळ मागतो. आमच्याकडे मुक्कामापेक्षा जास्त पैसे आता इंद्रायणी तांदूळ, नागलीचं पीठ आणि खुरासणी यांतून येतात. एकदा येऊन गेलेलं कुटुंब वर्षाचा तांदूळ थेट मागवतं, व्यापाऱ्यापेक्षा किलोमागे बरा भाव देतं, आणि ज्यांच्या घरात पाहुणा ठेवण्याजोगी ओसरीही नाही त्यांचाही तांदूळ विकला जातो. म्हणून पाहुणा हा गिऱ्हाईक म्हणून एका रात्रीचा असतो आणि तांदळाचा खरेदीदार म्हणून अनेक वर्षांचा, हे डोक्यात ठेवून त्याची व्यवस्था करा.

पाळीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण गावं मोडतात ती इथे. सुरुवातीला संडास-बाथरूम असलेली चार-पाच पक्की घरंच निवडली जातात. साहजिक आहे. पण ती घरं बहुधा सरपंचाची, शिक्षकाची, गाडीवाल्याची असतात. पाहुण्याचा पैसा तिथेच फिरतो आणि वर्षभरात उरलेली घरं म्हणतात, ते त्यांचं हॉटेल आहे, आमचं काय? मग धबधब्याच्या वाटेवर काटे पडतात, पाण्यावरून शब्दाला शब्द लागतो. यावर आम्ही शोधलेला उपाय असा की झोपायची जागा आणि जेवण वेगळं करायचं. मुक्काम एका घरात, जेवण दुसऱ्या घरात, वाटाड्या तिसऱ्या घरातला, दूध-अंडी चौथ्या घराची. कुडाच्या भिंतींचं, शेणानं सारवलेलं घर जेवायला पाहुण्यांना जास्त आवडतं, हे मी शंभरदा बघितलं आहे. पाळीची वही एका बाईकडे आणि पैशांची वही दुसऱ्या बाईकडे. दर महिन्याला दोन्ही वह्या ग्रामसभेत वाचायच्या. मुलांनी फोन आणि बुकिंग सांभाळावं, पण तिजोरी सांभाळू नये. तुमच्या दहा-बारा मुलांना हे रुचणार नाही कदाचित. तरी सांगते.

जमिनीचा विषय तुम्ही एका ओळीत लिहिलात, पण मला तो सगळ्यात घाईचा वाटतो. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे ती बिगर आदिवासीला विकतानाच नव्हे, भाड्यानं देतानाही परवानगी लागते. ५ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, आणि त्याहून जास्त काळासाठी जिल्हाधिकाऱ्यांना राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. तीस वर्षांचा करार शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर सह्या करून होत नाही. तुमचं गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभेला खास अधिकार असलेल्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात आहे का ते तलाठ्याकडे विचारा. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्र्यंबकमध्ये गावानुसार बघावं लागतं. असेल तर १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे महाराष्ट्राचे नियम तुमच्या ग्रामसभेला बराच अधिकार देतात, आणि पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा मागण्याचीही सोय त्यात आहे. ज्या घराची ती चार एकर आहे, त्यांच्यावर मात्र रागावू नका. बहुतेक वेळा मागे दवाखान्याचं किंवा लग्नाचं कर्ज असतं. आमच्या एका गावात गावनिधीतून अशा घराला बिनव्याजी उसनवारी दिली गेली आणि जमीन राहिली. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून मुंबई आणखी जवळ आली आहे. जमिनी मागणारी माणसं वाढणार आहेत. ग्रामसभेचा ठराव त्यांच्याआधी झालेला बरा.

धबधब्याची जागा बहुधा वनखात्याची असेल. तिथे गावानं परस्पर पावती फाडली तर अडचणीत याल. संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांशी बोलून तिच्यामार्फत प्रवेश किंवा वाहनतळाचं शुल्क लावता येतं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम होते. पावसाळ्यातल्या गर्दीतून गावानं एवढंच घ्यावं असं माझं मत आहे: वाहनतळ गावाच्या अलीकडे, चार मुलं पाळीनं, प्लास्टिकच्या बाटलीची अनामत, आणि पाणी वाढलं की वाट बंद करण्याचा अधिकार. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एका कुटुंबातली पाच माणसं पाहता पाहता वाहून गेली. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो, हे तुमच्या पाड्यावरच्या गुराख्याला कळतं, रील बघून आलेल्याला कळत नाही. प्रशासनाचे बंदी आदेश निघाले की गावानं ते पाळावेत, त्या शनिवारचे पैसे बुडाले तरी.

आता तुमचे मूळ तीन प्रश्न. खोल्या: पहिलं वर्ष एकही बांधू नका. ओसरी, स्वच्छ गोधड्या, मच्छरदाण्या, आणि चार घरांमागे एक नीट संडास-न्हाणीघर. खर्च करायचा तो यावर. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे म्हणून आत्ताच इमारत उभी करा, असा सल्ला तुम्हाला मिळत असेल. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, कर्जाचा हप्ता दर महिन्याला. अनुदान: राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, पर्यटन संचालनालयाच्या नाशिकच्या प्रादेशिक कार्यालयात नोंदणी करता येते, आणि नोंदणी जरूर करा, कारण त्या प्रमाणपत्रानं पुढच्या दारांवर बोलणं सोपं होतं. पण अनुदान आधी आलं की गाव अनुदानाच्या नियमांप्रमाणे आकार घेतं. दोन हंगाम स्वतःच्या पायावर काढा, मग मागा. जेवण देता म्हणजे अन्न परवान्याची साधी नोंदणी, पाहुण्यांची नोंदवही, आणि परदेशी पाहुणा राहिला तर २४ तासांत त्याची सरकारकडे ऑनलाइन नोंद, एवढं पहिल्या दिवसापासून पाळा. दर: वर सांगितला तसा चुलीपासून सुरू करून ठरवा. शेजारच्या रिसॉर्टचा दर बघून ठरवू नका.

तुम्ही एका ओळीत लिहिलं होतं की पाहुण्यांसाठी बोहाडा, म्हणजे देवांच्या मुखवट्यांच्या सोंगांचा गावचा उत्सव, दाखवता येईल का. हे मला जपून सांगायचं आहे. बोहाड्यातली सोंगं ही देवाची आहेत. त्या रात्री मुखवटा चढवणारा माणूस तुमच्या पाड्यावरचा कुणी भाऊ-काका राहत नाही, म्हाताऱ्या बायका त्याच्या पाया पडतात. पाहुण्यांच्या सोयीनं डिसेंबरच्या शनिवारी तो अर्धा तास नाचवला, तर दहा वर्षांनी तुमच्या मुलांना तो नाचच वाटेल. बोहाडा त्याच्या तिथीला होऊ द्या, त्या रात्री ज्यांना यायचं ते येऊन मागे उभे राहतील. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, गाणी, शेकोटीवरच्या गप्पा यांना हरकत नाही, वाजवणाऱ्याला मन असेल तर. नसेल तर त्या दिवशी नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील आणि त्या मी इथून सांगू शकत नाही. पाड्यापर्यंत नोव्हेंबरमध्ये गाडी येते का? मोबाइलला रेंज आहे का? रात्री कुणाला साप चावला तर जवळचं आरोग्य केंद्र किती वेळाच्या अंतरावर आहे? आणि दारूचं काय? पाहुण्यांना दारू चालणार नाही हा नियम आमच्या गावांतल्या बायकांनी केला आणि त्याच तो राबवतात. तुमच्या बायका काय म्हणतात ते त्यांनाच विचारा, मुलांनी त्यांच्या वतीनं ठरवू नका. आणि गावात दोन तट असतील, ग्रामपंचायत निवडणूक तोंडावर असेल, तर सुरुवात निवडणुकीनंतर करा.

तुम्ही या आठवड्यात तीन गोष्टी करा. जमिनीच्या कराराबद्दल ग्रामसभेची तारीख लावा. बारा चौकोन काढून भरा, बायकांचे वेगळे आणि पुरुषांचे वेगळे, आणि दोन्हींचे फोटो मला पाठवा, मी बघून उत्तर देईन. आणि नोव्हेंबरमध्ये खळ्याच्या दिवसांत आठच माणसं बोलवा, शक्यतो ओळखीतली, पण पूर्ण पैसे घेऊन. ती गेल्यावर त्याच संध्याकाळी ज्या बायकांनी रांधलं त्यांना विचारा की पुन्हा कधी बोलवायचं. त्या जी तारीख देतील ती पाळीच्या वहीत लिहा. जुलैचा चौकोन मात्र आत्ताच काट मारून ठेवा.